आठवी ब मधला पाहुणा

‘बाई, पाव्हणं झोपल्यात.’

भैरू हे अगदी हळू म्हणाला, म्हणून ते सगळ्या वर्गाला ऐकू गेलं. आठवी ब ची रीतच तशी होती. मी मोठ्यानं सांगितलेलं भिंतीवर आपटून माझ्याकडंच परत यायचं, आणि कुणी कुजबुजलेलं मात्र शेवटच्या बाकापर्यंत न सांडता पोचायचं. सगळ्या पेन्सिली थांबल्या. मी फळ्याकडं तोंड करून उभी होते, ती वळले.

चौथऱ्यावर खुर्ची होती आणि खुर्चीत जयवंत शिंत्रे. पाठ ताठ, हात मांड्यांवर, मान डाव्या खांद्याकडं जराशी कललेली, भाताची लोंबी भरल्यावर कलते तशी. डोळे मिटलेले. दोन ओठांत मटकीचा दाणा जाईल एवढी फट.

हा माणूस मला बघायला आला नव्हता. ते बघणं आदल्या रविवारी आमच्या घरी पोह्यांच्या साक्षीनं उरकलं होतं. आज मी त्याला बघणार होते. त्यासाठी निरोप पाठवून शाळेत बोलावलं होतं, आणि तो आठवी ब समोर गाढ झोपला होता.

झालं होतं ते असं. आजऱ्यातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवत होते. माझं लग्न जमवणं हा घरात जुना धंदा होऊन बसला होता. आलेली स्थळं मी एकेक करून परतवली होती. माझे वडील, आबा, त्यावर कधी रागावले नाहीत. ते माझ्या उत्तराची वाट बघत अंगणातल्या जास्वंदीला पाणी घालत राहायचे, आणि स्थळ येऊन गेलं की त्या आठवड्यात जास्वंद बुडायची तेवढी बाकी असायची.

शिंत्र्यांचं स्थळ गावातलंच. मुलगा वीज मंडळात. बरोबर आई आणि मावशी. मावशींनी पोह्यांवरचं खोबरं बाजूला सारत विचारलं होतं की चित्रकलेत शिकवण्यासारखं असतं काय, पोरं आपली आपण काढतातच की. मग आई म्हणाल्या, लग्नानंतर हिनं शाळा सोडली तरी काही बिघडणार नाही, घरात काही कमी नाही. हे त्या चांगल्या मनानं म्हणाल्या, आणि तेच मला जास्त लागलं. मला शाळा सोडायची नव्हती. मी मुलाकडं बघितलं, तो काय म्हणतो म्हणून. तो बशीत बघत होता. शेवटपर्यंत बशीत बघत होता.

पाहुणे फाटकाबाहेर जाईपर्यंत माझ्या रत्नावहिनीनं दम धरला. वहिनी जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेली. तिला दोन ओळी जुळवायला चुलीवरचं दूध उतू जाण्याइतकाही वेळ लागत नसे. भांडी गोळा करता करता ती सुरू झाली :

‘पाव्हणा आला दारी, खाली घाली मान,
पोह्याच्या बशीमंदी अडाकलं ध्यान.’

मी हसले नाही. म्हटलं, अशा बघण्यात कुणालाच कुणी दिसत नाही. तिकडं माझ्या वर्गात पोरं तांब्यासमोरसुद्धा तास-दीड तास बसतात तेव्हा कुठं त्यांना तांब्या दिसतो. या माणसालाही एकदा आठवी ब समोर जोडतासाला बसवा, मग सांगते मी काय ते.

हे मी चिडून म्हटलं होतं. वहिनीनं ते मनावर घेतलं. तिच्या मावसभावाच्या तोंडी तिनं निरोप धाडला की आमच्या नणंदेला पाव्हणा नीट दिसला नाही, तरी गुरुवारी शाळेत येऊन खुर्चीवर बसावं, पोरं चित्र काढतील. मला वाटलं, स्थळ आपोआप मोडलं, मला नकाराचे कष्टसुद्धा पडले नाहीत. पण तिकडून उलट एवढंच विचारणं आलं की किती वाजता.

आबांना हा सगळा प्रकार कळला तेव्हा ते इतकंच म्हणाले की आता गुरुवारी संध्याकाळी हो किंवा नाही ते सांग बाई, माणसांना लोंबकळत ठेवू नये. आणि बादली घेऊन जास्वंदीकडं गेले. गुरुवारी सकाळी मी शाळेला निघाले तर वहिनी दारात उभी :

‘नवरा बघाया चालली नणंद शाळेला,
पेन्सिलीला टोक तिनं काढलं येळेला.’

तर असे हे शिंत्रे.

ते आले तेव्हा मी वर्गाला सांगितलं की हे पाहुणे आहेत, आज यांचं चित्र काढायचं. कोणाचे पाहुणे, कशाला आले, यातलं अक्षर बोलले नाही. पोरांनीही विचारलं नाही. न विचारण्यात जो शहाणपणा होता त्यावरून मी ओळखायला हवं होतं की गावातल्या एकूण एक घरात हे आधीच चुलीपाशी बोलून झालेलं आहे.

त्या वर्षी मी त्या वर्गाला एकच गोष्ट शिकवत होते. दिसतं ते काढा, माहीत असतं ते काढू नका. ऐकायला सोपं आहे. पण तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना सगळंच माहीत असतं. तांब्याचं तोंड गोल असतं हे माहीत असतं, म्हणून समोरून चपटं दिसलं तरी ती गोलच काढणार, मग तो तांब्या कुणीतरी मागून उचलून धरल्यासारखा पुढं वाकणार. डोळे ती पार कपाळावर नेऊन ठेवायची, कारण त्यांच्या हिशेबी डोळ्यांच्या वर फक्त भांग असतो. कान विसरायची. भैरू दिसेल त्या पुरुषाला मिशी काढायचा, आमच्या मिशी नसलेल्या मुख्याध्यापकांनाही त्यानं ती बहाल केली होती, आणि खरं सांगायचं तर ती त्यांना शोभत होती.

मी त्यांना पेन्सिल हात लांब करून धरायला शिकवलं होतं. एक डोळा मिटायचा, पेन्सिलीवर अंगठा सरकवून माप घ्यायचं, डोकं केवढं, खांदा त्याच्या किती पट. हे त्यांना फार आवडायचं. चित्र येवो न येवो, माप सगळे घेत. त्या दिवशीही सगळा वर्ग एकेक डोळा मिटून शिंत्र्यांवर पेन्सिली रोखून बसला होता, आणि शिंत्रे माझ्या सांगण्याप्रमाणे खिडकीच्या गजाकडं बघत होते. ‘वर्गात पोरं चित्र काढतील तेवढं मीही काढीन’ हा माझा नेम. माझा फळकुटावरचा कागद खिडकीजवळच्या टेबलावर होता. त्यावर मी डोक्याचा आकार धरला, खांदे धरले. मग बाकांमधून फिरले, मग मापं समजवायला फळ्याकडं वळले. आणि तेवढ्यात ते भैरूचं वाक्य.

पहिल्यांदा मला हसू आलं. मग आतून काहीतरी तापत वर आलं. मावशींनी जे तोंडानं विचारलं होतं ते यांनी झोपून सांगितलं, असं मला वाटलं. चित्रकलेत शिकवण्यासारखं असतं काय? नसतं. झोप येते. चला, उत्तर मिळालं. संध्याकाळी आबांना काय सांगायचं त्याची वाक्यं मी तिथंच उभ्या उभ्या जुळवून टाकली.

पुढच्या बाकावरच्या सुरेखानं विचारलं, उठवू का. मी नको म्हटलं. म्हटलं, यापेक्षा चांगला नमुना मिळायचा नाही, हलत नाही, खाजवत नाही, पेन्सिली चालू द्या.

मी फिरायला लागले. बघते तर वर्गभर एक चमत्कार. खुर्चीतला माणूस झोपलेला, आणि कागदावरचे सगळे टक्क जागे. भैरूच्या कागदावर तर डोळे पेढ्याएवढे, खाली मिशी. मी विचारलं, हे डोळे तुला उघडे दिसतात? तो मान खाली घालून म्हणाला, न्हाई. मग? त्यानं शेजाऱ्याकडं बघितलं, शेजाऱ्यानं मागच्याकडं. शेवटी भैरूलाच बोलावं लागलं.

‘झोपल्यालं काढलं आन् त्यांनी बघितलं, तर ते तुमाला न्हाई म्हणतील की, बाई.’

वर्गात कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते, आजारी माणसाकडं बघतात तसे. आठवी ब नं माझं लग्न वाचवायचा कट केला होता. अशा पोरांना काय बोलावं? पण त्या दिवशी माझ्या अंगात नकार भरला होता, आणि नकार भरलेला माणूस फार तत्त्वाचा होतो. मी ठणकावून सांगितलं की नियम म्हणजे नियम. डोळे मिटलेले दिसतात तर मिटलेलेच काढायचे. तोंड उघडं दिसतं तर उघडं. ज्यानं चुकीचं काढलं त्यानं आपल्या हातानं खोडायचं.

खोडरबरांचा आवाज सुरू झाला. एकेक करून कागदावरचे शिंत्रे झोपी गेले. भैरूनं मिशीसुद्धा खोडली, ती मात्र फार जड मनानं. मीही माझ्या कागदाशी गेले आणि रागारागानं चित्र पुरं करायला लागले. वर बघायचं मी टाळत होते. मुलं माझ्याकडं बघतायत आणि मी त्या माणसाकडं बघतेय, हे मला नको होतं. हात आपला चालत होता.

पहिल्या तासाची घंटा झाली. आमच्याकडं घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, मेलेला उठेल असा. शिंत्र्यांनी डोळे उघडले. दचकले नाहीत. मान सरळ केली, समोरचा वर्ग बघितला, आपण कुठं आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी वर्गालाच विचारलं,

‘हललो का मी?’

‘न्हाईऽ,’ वर्ग एका सुरात म्हणाला.

बघू का चित्रं, असं त्यांनी विचारलं. मला नाही, पोरांना. पोरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, दाखवा की, तुम्ही बघूनच काढली आहेत. माझ्या बोलण्यात जी धार होती ती पोरांना कळली असावी, कारण भैरूनं आपला कागद हळूच उलटा केला.

ते चौथऱ्यावरून उतरले आणि पहिल्या बाकापासून सुरुवात केली. एखाद्यानं भरभर हसत सगळं उडवून लावलं असतं, एखादा चिडला असता. ते प्रत्येक कागदापाशी थांबले. तोंड उघडं टाकून झोपलेले आपण, एकामागून एक, आणि प्रत्येकात काहीतरी विचारणं. एकाला म्हणाले, माझा कान एवढा मोठा आहे हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. त्या पोरानं पेन्सिल लांब करून, डोळा मिटून, पुन्हा माप घेऊन दाखवलं की आहे. त्यांनी ते मान्य केलं. सुरेखानं त्यांच्या कपाळावरून दोन माळा खाली सोडल्या होत्या. त्यांनी विचारलं, हे काय. मुंडावळ्या म्हणायची तिची छाती झाली नाही. ती म्हणाली, ‘घाम हाय.’ ते म्हणाले, असेल, उकडतंय खरं.

वर्ग सैल झाला. मी होते तिथंच उभी होते.

मग ते गोमतीच्या बाकाशी आले आणि तिथं बराच वेळ थांबले. गोमती म्हणजे आठवी ब मधली सगळ्यांत हळू मुलगी. बाकीचे डोक्यापासून सुरू करायचे, ही पायापासून. वेळ संपायची आणि हिच्या चित्रांना डोकं मिळायचंच नाही. आजही तिचं चित्र गळ्यापर्यंतच आलं होतं. त्यामुळं झोपलेलं का जागं हा प्रश्नच नव्हता. मी जवळ गेले. पॅन्टवर गुडघ्यापर्यंत तिनं बारीक बारीक ठिपके भरले होते. मला वाटलं, नक्षी केली. विचारलं, हे कसले गं ठिपके?

‘चिखुल हाय, बाई. दिसतोय न्हवं.’

मी शिंत्र्यांच्या पायांकडं बघितलं. पहिल्यांदा बघितलं. वाळलेला तांबडा चिखल गुडघ्यापर्यंत उडालेला होता. चित्रात उजव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, तिची गाठसुद्धा गोमतीनं काढली होती. मी हाताकडं बघितलं. गाठ होती. तळहातावर ताजे ओरखडे होते. बाकीच्या वर्गानं हे बघितलं नव्हतं, आणि बघितलं असलं तरी बघायला आलेल्या नवऱ्याच्या चित्रात चिखल कोण काढणार?

‘रात्री लाईट गेलती की, बाई,’ भैरू मागून म्हणाला.

गेली होती. आदल्या संध्याकाळी अवकाळी वादळ झालं होतं, आम्ही चिमणीच्या उजेडात जेवलो होतो. सकाळी वहिनी चहा ठेवत असताना स्वयंपाकघरातला दिवा आपोआप लागला आणि आम्ही तो नुसता बंद केला होता. कुणी लावला, हे कोण विचारतं?

मी विचारलं, तुम्ही घरी न जाता इकडं आलात? शिंत्रे चिंधी बांधलेला अंगठा मुठीत लपवत म्हणाले की वरच्या वाड्यांकडं खांब पडले होते, उजाडता उजाडता जोडून झालं, घरी जाऊन कपडे बदलून यायचं तर उशीर झाला असता. मी म्हटलं, निरोप पाठवायचा, आपण पुढच्या गुरुवारी केलं असतं.

‘पोरांनी पेन्सिलींना टोकं करून ठेवली असतील म्हटलं,’ ते म्हणाले.

एवढं बोलून ते पुन्हा गोमतीकडं वळले. तिला विचारलं, चिखल असा काढायला बाईंनी किती दिवस शिकवलं. गोमतीनं नेहमीसारखा वेळ घेतला.

‘अजून शिकवायल्यात,’ ती म्हणाली.

‘मग बाईंनी शाळा सोडून भागायचं न्हाई,’ ते तिला म्हणाले. मला नाही, तिला. जसा काही हा त्या दोघांतला व्यवहार होता.

आबांसाठी जुळवलेली माझी वाक्यं कुठल्या कुठं गेली. मी बाक सरळ करायला लागले, जे आधीच सरळ होते. तेवढ्यात गोमती उठून माझ्या टेबलाकडं गेली. आपल्या चित्राला डोकं कसं बसवायचं हे ती बाईंच्या कागदावर बघणार होती. तशी मुभा सगळ्यांनाच होती. ती तिथं उभी राहिली, एकदा कागदाकडं, एकदा शिंत्र्यांकडं, पुन्हा कागदाकडं.

‘बाई, तुमचं चुकलंय.’

सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. मीही गेले. माझ्या कागदावरचे शिंत्रे जागे होते. डोळे उघडे, तेही चांगले रेखलेले, पापण्यांसकट. ते खिडकीकडं बघत नव्हते. कागदातून सरळ माझ्याकडं बघत होते.

हे मी कधी काढलं, मला सांगता येत नव्हतं. झोपलेला माणूस समोर, डोक्यात नकार, आणि हातानं परस्पर त्याला जागं करून माझ्यासमोर आणून बसवलं होतं. पोरांच्या वह्या मी वर्षभर तपासल्या होत्या, पण असं उघडं पडणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. भैरूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतका आनंद त्याला मिशी काढतानाही होत नसे.

‘ज्याचं त्यानं खोडायचं, बाई,’ तो अदबीनं म्हणाला, आणि आपलं खोडरबर पुढं केलं.

मी ते घेतलं. खोडायला वाकले. तेव्हा शिंत्रे गर्दीच्या मागून म्हणाले,

‘खोडायलाच पाहिजे असं न्हाई. मी डोळे उघडे ठेवून परत बसतो. मग चित्र बरोबर होईल. बाई म्हणतील तसं.’

पोरं माझ्याकडं बघत होती, शिंत्रे बघत होते, आणि या खेपेला समोर बशी नव्हती.

‘बसा,’ मी म्हटलं.

ते चौथऱ्यावर जाऊन बसले. मी टेबल ओढून समोर घेतलं. दुसरा तास चालू होता, पण चित्र कुणीच काढत नव्हतं. सगळी आठवी ब माझ्या मागं उभी राहून मी नीट बघून काढते की नाही ते बघत होती. मी हात लांब केला, एक डोळा मिटला, माप घेतलं. मग पेन्सिल खाली ठेवून दोन्ही डोळ्यांनी बघितलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काढलेलं तरीही चुकलेलंच आहे. मी बुबुळं काळीभोर भरली होती. मला ती खोडावीच लागली, आणि त्यांच्या डोळ्यांतला उजेड कागदावर राहील इतकी फिकी पेन्सिल धरायला बाकीचा सगळा तास गेला.

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा रत्नावहिनी भाकरी थापत होती. आबा अंगणात होते, बादली हातात. वहिनीनं परातीतून मान वर न करता विचारलं की दिसला का पाव्हणा नीट. यावर दोन ओळी तिनं दिवसभर जुळवून ठेवल्या असणार, पण तिनं त्या म्हटल्या नाहीत, ती थांबली.

‘त्यांचे डोळे घारे आहेत,’ मी म्हटलं.

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मग तवा चुलीवरून खाली उतरवला, हात पुसले, आणि दारात जाऊन आबांना हाक मारली.